पेपर आधी पालकांनी सोडवावा

नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात आणि वेळ असतो १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पलूसच्या नवोदयात जागा जास्तीत जास्त ८०, आणि परीक्षेला बसणारी पोरं अख्ख्या सांगली जिल्ह्यातली. एवढी माहिती एका पोस्टकार्डावर मावेल. पण तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, वर्षभर पोराला पहाटे पाचला उठवणाऱ्या आणि गाइडांवर दोन-तीन हजार घातलेल्या तेवीस पालकांना मी ती विचारली, तेव्हा एकालाही नीट सांगता आली नाही. दोष त्यांचा नाही. त्यांना तो पेपर कुणी दाखवलाच नव्हता. मीही नाही, आणि मी गेली एकवीस वर्षं याच पंचक्रोशीत गणित शिकवतोय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पोराला परीक्षेला बसवायच्या आधी आईबापांनी तो पेपर एकदा स्वतः, घड्याळ लावून, सोडवायला बसावं. आणि तो त्यांच्यापुढे ठेवायचं काम शाळेनं करावं. हे काम शाळांनी सोडून दिलं म्हणून ते क्लासवाल्यांच्या हातात गेलं, आणि तिथं पालकाला पेपर दिसत नाही, फक्त गुण दिसतात.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी संध्याकाळी सातला आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या पाचवीच्या वर्गात पालकांना बोलावलं. नवोदयच्या धर्तीवरचे २० प्रश्न, ३० मिनिटं, आणि सोबत गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. बाकं लहान, त्यामुळे बापे माणसं गुडघे बाहेर काढून आडवी बसलेली. पहिला प्रश्न आरशातल्या प्रतिमेचा होता. पुढच्या बाकावर एक द्राक्ष बागायतदार होते. त्यांनी त्या पहिल्या आकृतीवर सहा मिनिटं घालवली. कागद फिरवून बघितला, उजेडाला धरून बघितला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांचे नऊ प्रश्न झाले होते. उरलेल्या अकरांत निदान सहा अगदी सोपे होते, त्यांना हसतखेळत आले असते. ते म्हणाले, "सर, मी रोज पोराला सांगतोय, एक बी प्रश्न सोडायचा न्हाई. आन् हितं तर सोडून फुडं जायला पायजे हुतं."

सोडवणं आणि सोडणं यांत एका अक्षराचा फरक आहे. वेळेच्या परीक्षेत दोन्ही लागतं, आणि घरात मात्र एकाचीच सक्ती असते. अडलेला प्रश्न मागं ठेवायचा, पुढं जायचं, शेवटी परत यायचं, आणि गुण कापत नसतील तर शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले गोलही भरून टाकायचे. ही साधी गोष्ट त्या पोराला बापाच्या धाकापायी वर्षभर जमत नव्हती.

त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका आईनं सातव्या प्रश्नाचं उत्तर आठव्या ओळीत भरलं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ सरकली. तपासताना तिच्या ध्यानात आलं. महिन्यापूर्वी तिच्या लेकीचंही सराव पेपरात नेमकं हेच झालं होतं, आणि "डोळे कुठं हुतं तुझं" म्हणून तिनं लेकीला रपाटा घातला होता. पालक उठले, चहा झाला, तरी ती तो कागद घडी करत, उलगडत बसून होती.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट सगळ्यांना करायला सांगितली. पोरानं सराव पेपर आणला की गुण विचारायच्या आधी चुकांचे तीन ढीग लावायचे: येतच नव्हतं ते, येत होतं पण घाईत गेलं ते, आणि वेळ पुरला नाही म्हणून राहिलं ते. तिन्हींचा उपाय वेगळा. न येणारं शिकवावं लागतं, घाईचं लिहून काढायच्या सवयीनं सुटतं, वेळेचं सुटतं ते घड्याळ लावून सराव केल्यानं. आपल्याकडं तिन्हींवर एकच उपाय चालतो, "अजून अभ्यास कर". हे मी बोलत होतो तेव्हा मघाचे बागायतदार मध्येच म्हणाले, "म्हणजे डावणीला भुरीचं औषध मारल्यागत झालं की." डावणी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग, औषधंही वेगळी. द्राक्षाच्या मुलखात याहून नेमकं कुणाला सांगता येईल, असं मला वाटत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला आली, आणि २०२५ मध्ये शासनानं ती परत चौथी-सातवीकडे न्यायचा निर्णय घेतला. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्न असे असायचे की चारपैकी दोन पर्याय बरोबर, आणि गुण मिळायला दोन्ही नोंदवावे लागायचे. पहिला बरोबर पर्याय दिसला की पोरगं गोल भरतं आणि पुढं पळतं. येत असूनही गुण जातात. हुशार पोरांचं असं जास्त होतं, कारण त्यांना उत्तर लवकर दिसतं. घरी मग "पाठांतर कमी पडतंय" असा निकाल लागतो, आणि पोराच्या दप्तरात आणखी एक गाइड येतं.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या घरचं सांगतोय. आता माझ्या घरचं सांगतो.

माझी मुलगी अकरावी-बारावीला सांगलीत एका क्लासला होती. विश्रामबागला कॉट बेसिसवर राहायची. दर रविवारी 'नीट'ची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, सराव परीक्षा व्हायची आणि रात्री नऊच्या आत सगळ्या बॅचचे गुण नावानिशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचे. ४१०, मग ३९५, मग ३८०. गुण खाली आले की मुलं 'ए' बॅचमधून 'बी'त जायची. ती गेली. मी दर रविवारी रात्री फोन करायचो आणि बोलायचो. काय बोलायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी गणिताचा मास्तर, दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासतो, पण तीन महिन्यांत तिची एकही उत्तरपत्रिका मी मागून घेतली नव्हती.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा पेपरांची पिशवी बरोबर होती. मी बघायला बसलो. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं: जीवशास्त्र ९०, रसायन ४५, भौतिक ४५. ती जीवशास्त्रापासून सुरू करायची, ते तिचं आवडतं, आणि त्यातच जवळजवळ दीड तास काढायची. भौतिकशास्त्राला शेवटची पंचवीस मिनिटं उरायची. प्रत्येक पेपरात शेवटचे सतरा-अठरा प्रश्न ओळीनं 'ब', 'ब', 'ब' असे भरलेले. त्याआधी सोडवलेलं भौतिक मात्र बहुतेक बरोबर. तिला भौतिक येत नाही, असं मी तिला तीन महिने सांगत होतो, आणि क्लासनं तिला भौतिकची जादा बॅच लावली होती, पैसे घेऊन.

त्या भरलेल्या 'ब'चाही हिशेब करायला हवा. नीटला बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. डोळे झाकून भरलं तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो: चार मिळाले, तीन गेले, हाती एक. पण दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले, तर दोन प्रश्नांतच चार मिळून एक जातो, हाती तीन राहतात. म्हणजे "अंदाज मारायचाच नाही" हा बापाचा हुकूम आणि "काहीही ठोक" हा मित्राचा सल्ला, दोन्ही अर्धे. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, तर गुण कापतच नाहीत, तिथं रिकामा गोल म्हणजे नुसतं नुकसान. एकच मूल महिन्याभराच्या अंतरानं या दोन्ही परीक्षांना बसतं. दोन्हींना वेगवेगळं वागायचं हे त्याला कुणीतरी शांतपणे, कागदावर मांडून सांगायला हवं.

दिवाळीनंतर मुलीनं जीवशास्त्र पन्नास मिनिटांत संपवायचा सराव केला आणि आंधळे गोल भरणं थांबलं. तिला एमबीबीएस मिळालं नाही. आज ती नर्सिंगला आहे आणि मनापासून शिकतेय. पण त्या तीन महिन्यांतलं माझं बोलणं ती विसरलेली नाही, आणि मलाही विसरता येत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून बापानं मारलं आणि बारावीतली पोरगी जिवानिशी गेली. ती बातमी वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी "असा कसा बाप" म्हणून पेपर खाली ठेवला असेल. मला तो ठेवता आला नाही. एका सराव परीक्षेच्या आकड्यावरून मीही घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तो आकडा कशाचा बनलाय हे मला माहीत नव्हतं. आकडा दिसतो आणि पेपर दिसत नाही, तेव्हा आईबापाच्या हातात रागाशिवाय दुसरं काही उरतच नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. त्यात शिक्षणसंस्थांबरोबर क्लासेसनाही बजावलंय की गुणांवरून बॅच वेगळ्या करू नका आणि मुलांची चारचौघांत मानहानी करू नका. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नको, रँकची हमी नको, फसव्या जाहिराती नकोत. कागद चांगले आहेत. पण सहावीपासूनच्या 'फाउंडेशन' बॅचचे बोर्ड आजही झळकतात, आणि "टॅलेंट टेस्ट"ला बसवून "तुमच्या पाल्याला फीमध्ये ७० टक्के सवलत" असा फोन येतोच. त्या टेस्टचा पेपर घरी पाठवला जात नाही, हे पालकांनी एकदा ध्यानात घ्यावं. तपासलेली उत्तरपत्रिका हातात न देणारी परीक्षा पोराच्या कामाची नसते.

पर्सेंटाइलबद्दल तर बोलावंच लागेल, कारण दर जूनमध्ये हाच गोंधळ. गेल्या वर्षी दूध संकलन केंद्र चालवणारे एक पालक सीईटीचं स्कोअरकार्ड घेऊन आले. पोराला ८८.४३. "सर, अठ्ठ्याऐंशी टक्के पडलेत, मग वालचंद इंजिनिअरिंगला नंबर का लागत न्हाई?" मी त्यांना गावातल्या भाषेत सांगितलं: समजा तीन लाख पोरं एका रांगेत उभी केली, तर तुमच्या पोराच्या मागं शंभरातली अठ्ठ्याऐंशी आहेत. पण पुढं बारा आहेत, आणि तीन लाखांतली बारा टक्के म्हणजे छत्तीस हजार. वालचंदच्या जागा काही शेकड्यांत. ते गप्प झाले, मग म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर पेढे वाटलं नसतं." पोरगं शेजारी उभं होतं. त्या पेढ्यांपायी त्याची गावात किती पंचाईत झाली असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

उलटही होतं. सीईटीच्या सराव पेपरात २०० पैकी १२० पडले की घरात सुतक. साठ टक्केच ना! पण त्याच गुणांवर मूल नव्वदीच्या वरच्या पर्सेंटाइलला असू शकतं, कारण पेपरच तसा असतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक-रसायनाचे प्रत्येकी एकाचे, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच. त्यात गणित फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत "लसावि-मसावि" म्हणत आलेल्या आमच्या पोराला त्या भाषेशी जुळवून घ्यायलाच अकरावी जाते. हे माहीत असलेला बाप १२० गुणांवर वेगळा बोलेल.

माझे काही सहकारी म्हणतात, हे सगळं शहरातल्या शिकलेल्यांसाठी. आमचे पालक सहावी-सातवी शिकलेले, ते काय पेपर सोडवणार. त्यांना मी आमच्या वर्गातल्या आजीबद्दल सांगतो. नातवाचे आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून आजी आली होती. तिला वाचता येत नाही. आम्ही तिच्या हातात घड्याळ दिलं आणि दर दीड मिनिटाला बाकावर थाप मारायला सांगितलं. तीस मिनिटांत वीस थापा. ती म्हणाली, "एवढ्यात माझी भाकरी बी थापून होत न्हाई." तेवढ्यानं तिला परीक्षा कळली. उत्तरं बरोबर यावीत म्हणून पालकांना बसवायचंच नाही. पोरगं ज्या खोलीत दोन तास बसणार आहे, तिथं त्यांनी थोडा वेळ बसून यावं, एवढंच मागणं आहे.

क्लास नकोतच असं मी म्हणत नाही. क्लासमुळे जत, माण या दुष्काळी तालुक्यांतल्या पोरांना चांगला मास्तर मिळालाय, डॉक्टर झालेली पोरं मी पाहिली आहेत. ज्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या तासाला सर सहा महिने नाहीत, तिथल्या पोरानं करायचं काय? पण पेपर समजावणं, चुका वेगळ्या काढणं, जुने पेपर सोडवून घेणं, याला हजारो रुपयांची फी लागत नाही. जुने पेपर आणि उत्तरसूची राज्य परीक्षा परिषदेच्या आणि नीट घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळांवर मिळतात. नीट-जेईईच्या तयारीसाठी आयआयटी कानपूरच्या मदतीनं केंद्रानं 'साथी' हे पोर्टल काढलंय, ते फुकट आहे. नीट मराठीतही देता येते. मात्र भाषांतरात घोटाळा झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात, हे पोराला आधी सांगून ठेवावं लागतं. आमच्याकडच्या किती शाळांनी हे पालकसभेत सांगितलंय? पालकसभेत आजही गणवेश, फी आणि गॅदरिंग.

शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहितीचं ओझं आहे, ही तक्रार खरी आहे, माझीही तीच आहे. म्हणून मी वर्षाला चारच संध्याकाळी मागतोय. हा भाग कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, आणि पुढं साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थांनी, आणि बाकीच्यांनीही, एवढं मनावर घ्यावं. सातारचं सैनिक स्कूल, १९६१ सालचं, देशातलं पहिलं. तिथल्या सहावीच्या परीक्षेत ३०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. साताऱ्यातल्याच किती चौथीच्या पालकांना हे माहीत असेल? आपल्या अंगणातली शाळा, आणि तिच्या पेपराची ओळख आपण विकत घेतो.

एका ठिकाणी माझा उपाय पोचत नाही, तेही सांगतो. कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला आलेल्यांची पोरं आमच्या शाळेत हिवाळ्यात चार-पाच महिने बसतात. त्यांचे आईबाप पहाटे कोयता घेऊन जातात, रात्री येतात. त्यांना संध्याकाळी सातला बाकावर बसा म्हणणं निर्दयपणाचं आहे. आणि बहुतेक परीक्षाही याच महिन्यांत. त्या पोरांच्या चुकांचे ढीग शाळेनंच लावायला हवेत, दुसरं कुणी नाही.

यंदा फळछाटणी उरकली की बागायतदारांना जरा उसंत मिळते, त्या हिशेबानं आम्ही दिवाळीनंतरचा दुसरा रविवार धरलाय. चौथीचा आणि सातवीचा पेपर, शिवाय बारावीच्या पालकांसाठी नीटचे ३० प्रश्न नुसते बघायला. गेल्या वेळी झेरॉक्सला १८० रुपये लागले होते, या वेळी तीनशेपर्यंत जातील, ते आम्ही शिक्षकांनी आपसांत वाटून घेतलेत. उत्तरपत्रिकेची ओळ सरकलेली ती आई परवा बाजारात भेटली. तिची लेक यंदा सहावीत गावच्याच शाळेत आहे, नवोदयला नंबर लागला नाही. तरी तिनं विचारलं, या वर्षीचा पेपर आणखी एक जास्त काढाल का, तिच्या जावेच्या पोराला घरी बसून तीच सोडवून दाखवणार आहे.